धागा: दिवाळीच्या सुट्टीत आश्वे-मांद्रे (उत्तर गोवा), पहिल्यांदाच सर्फिंग. नियोजन कसं करावं?

पाच_दिवसांची_रजा
पुण्याहून चौघं जायचं आहे. दोन मोठी माणसं, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत. बाकी तिघांना तरणतलावात पोहता येतं, समुद्रात पोहायची सवय नाही. हातात चार पूर्ण दिवस आहेत. प्रश्न असे:
१) दिवाळीत जावं की नाताळात?
२) किनारा कुठला? हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी की थेट दक्षिणेला पाळोळे?
३) आपली गाडी न्यावी की रेल्वेने जावं?
४) फळी विकत घ्यावी लागते का?
खोली अजून घेतलेली नाही.

लाटांकित
खोली घेतली नाहीत ते बरंच केलंत. आधी समुद्राचं वेळापत्रक बघा, मग खोलीचं.

गोव्याच्या समुद्राचे वर्षात ढोबळ चार तुकडे पडतात. जून ते सप्टेंबर पावसाळी समुद्र. नैऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर येतो, लाटा मोठ्या पण मोडक्यातोडक्या, पाणी गढूळ आणि ओढ जबरदस्त. शिकाऊ माणसाने या दिवसांत पाण्यात जायचंच नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या काढत नाहीत, त्याला कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा पडतो आणि दक्षिणेकडच्या दूरच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटा अधूनमधून पोचत असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र बहुतेक दिवस थाळीसारखा असतो. लाटा गुडघ्याएवढ्या, कधी तेवढ्याही नाहीत. मधूनच इराणच्या आखाताकडच्या 'शमाल' वाऱ्याने उठलेल्या लाटा वायव्येकडून येतात, पण त्यांचा काळ (दोन लाटांमधले सेकंद) लहान, सहा ते आठ सेकंदांचा. मार्चअखेरपासून मेपर्यंत दक्षिणेकडच्या लाटा पुन्हा वाढतात, मात्र ऊन भाजून काढतं.

तेव्हा फळीवर उभं राहायला शिकायचं असेल तर नाताळापेक्षा दिवाळी चांगली. नुसतं डुंबायचं असेल तर नाताळ उत्तम, समुद्र तेव्हा अगदी गरीब असतो.

सोलकढी
समुद्र गरीब असतो, खोलीवाले नसतात. नाताळ ते नववर्ष त्याच झोपडीचे दुप्पट-तिप्पट पैसे पडतात आणि शिवोली ते मोरजी रस्त्यावर संध्याकाळी गाडी हलत नाही. दिवाळीला माझं मत.

एक मात्र खरं. किनाऱ्यावरचे शॅक आणि हंगामी झोपड्या पावसाळ्याआधी मोडाव्या लागतात आणि ऑक्टोबरपासून पुन्हा उभ्या राहतात. दिवाळी लवकर आली तर काही ठिकाणी खिळे ठोकण्याचंच काम चालू असतं. खोली घेताना 'शेजारी बांधकाम चालू आहे का' हे फोनवर विचाराच.

रापणकार
दिवाळीच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ते घरच्या कॅलेंडरमध्येच सापडेल.

लाट किती मोठी, यापेक्षा लाट फुटताना पाण्याची पातळी काय आहे हे शिकाऊ माणसाला जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे लाट वाळूच्या दांड्यावर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर फुटते. ओहोटी पूर्ण लागली की दांड्यावर पाणी इतकं उथळ होतं की लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळते, फळीचं नाक वाळूत रुततं. भरती पूर्ण आली की लाट दांड्यावरून न फुटताच पुढे येते आणि थेट काठाच्या उतारावर आपटते. मधलं पाणी, त्यातही चढतं पाणी, सगळ्यात सोयीचं.

भरतीची वेळ काढायची कोकणी रीत: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी म्हणजे ४ × ¾ = ३, भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ओहोटी त्याआधी आणि नंतर सवासहा तासांनी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तास पुढे.

लक्ष्मीपूजन दरवर्षी अमावास्येलाच. म्हणजे पाडवा, भाऊबीज, तृतीया या सकाळी ओहोटी पहाटे किंवा सकाळी लवकर होऊन जाते आणि मग पाणी चढायला लागतं. त्यात उधाणाचे दिवस, पाण्याचा चढउतार दोन मीटरच्या घरात, त्यामुळे 'मधलं पाणी' कधी आलं ते नवख्यालाही नजरेने कळतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीला, हा फरक निम्म्यावर येतो.

भरतीचा_तक्ता
रीत बरोबर, पण ती मुंबईच्या पाण्याला चपखल बसते. गोव्यात भरती मुंबईच्या सुमारे तासभर आधी येते, कारण भरतीची लाट या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. रापणकारांच्या उत्तरातून एक तास वजा करा:

भाऊबीज: भरती साडेबाराच्या सुमारास, ओहोटी सव्वासहाला, मधलं पाणी सव्वानऊ-साडेनऊ.
तृतीया: मधलं पाणी दहा-सव्वादहा.
चतुर्थी: अकराच्या आसपास.
पंचमी: ओहोटीच साडेआठला, मधलं पाणी पावणेबाराला.

हा अंदाज आहे. तिथी सूर्योदयाची, चंद्र त्याच्या गतीने चालणार, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता बघून पक्क्या वेळा लिहून घ्या. तक्त्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या दिसणार नाहीत, त्यात चूक नाही. आपल्या किनाऱ्यावर त्या असमानच असतात.

लाटांकित
पंचमीचा आकडा लक्षात ठेवा, कारण इथे वारा मध्ये येतो. रात्री जमीन थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो लाटेच्या तोंडावर येतो, लाट ताठ आणि गुळगुळीत राहते. दहा-अकरानंतर जमीन तापली की वारा उलटतो आणि दुपारी वायव्येकडून चांगला जोर धरतो. पाण्यावर बारीक लाटांची खळबळ उठते, फळी चालवणं कठीण होतं. (पतंग बांधून फळी हाकणाऱ्यांना हाच वारा हवा असतो. हरमल-मोरजीला दुपारनंतर आकाशात पतंगच पतंग.)

म्हणजे चौकट अशी: पाणी मधलं हवं आणि वारा उलटायच्या आत काम उरकायला हवं. भाऊबीज आणि तृतीया दोन्हीत बसतात, चतुर्थी जेमतेम, पंचमी हातची जाते.

पाच_दिवसांची_रजा
हे भारी आहे! म्हणजे लक्ष्मीपूजन घरी करून पाडव्याला निघायचं, भाऊबीज-तृतीया-चतुर्थी सकाळी पाण्यात आणि पंचमीला फिरणं. भाऊबीज किनाऱ्यावरच ओवाळू. आता हवामानाच्या ॲपमध्ये नक्की काय वाचायचं? 'लाट १ मीटर' दिसलं की जायचं का?

लाटांकित
एकटी उंची वाचू नका. तीन आकडे एकत्र वाचा: उंची, काळ, दिशा.

काळ म्हणजे दोन लाटांमधले सेकंद. एक मीटर उंच, सहा सेकंद काळाची लाट खोल पाण्यात सुमारे ५६ मीटर लांब असते. तीच एक मीटर लाट चौदा सेकंदांची असेल तर लांबी ३०० मीटरच्या पुढे. दुसरीत कितीतरी जास्त ताकद असते आणि उथळ पाण्यात आली की ती उठून उभी राहते. म्हणून ॲपवर ०.८ मीटर आणि १५ सेकंद दिसलं तर किनाऱ्यावर कंबर-छातीएवढी लाट मिळू शकते. १ मीटर आणि ५ सेकंद म्हणजे नुसती खळबळ.

तुमच्या तिघांसाठी ०.५ ते ०.९ मीटर, ९ ते १३ सेकंद, दिशा नैऋत्य, सकाळचा वारा ताशी दहा किलोमीटरच्या आत. काळ १६ सेकंदांच्या पुढे आणि उंची मीटरच्या वर असेल तर मुलीला गुडघाभर पाण्यातच ठेवा. अशा लाटा संचाने येतात. दहा मिनिटं समुद्र शांत, मग एकामागून एक चार-पाच मोठ्या. शांत दहा मिनिटं बघून आत गेलेला माणूस फसतो तो असा.

इन्कॉइस या हैदराबादच्या सरकारी संस्थेचे उंच लाटांचे इशारे निघायच्या आधी बघायचेच. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ आहे. २०१९च्या दिवाळीत 'क्यार' समुद्रात होतं आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर पाणी पार वर चढलं होतं. म्हणून खोली रद्द करता येईल अशीच घ्या.

तेंबावरून
आता किनारा. उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो.

केरी: सुंदर, पण तेरेखोल नदीचं मुख आणि खडक. शिकायला नको.
हरमल: लांब, उथळ, वाळूचा तळ, गर्दी आणि गाणीबजावणी जास्त. उत्तर टोकाला खडक, त्यांवर शिनाण्यांची कवचं, पाय कापतो. मधला भाग चालेल.
मांद्रे: मोकळा, शांत. गाव आणि किनारा यांच्यामध्ये काही भागात ओहोळ आहे, बांबूच्या साकवावरून पलीकडे जावं लागतं. सासूबाईंना झेपेल का ते आधी विचारा, सगळ्या साकवांना धड कठडे नसतात.
आश्वे: शिकवणाऱ्या शाळा इथे एकवटल्या आहेत. तळ वाळूचा, उतार मंद. मध्ये खडकांचा एक पुंजका आहे, भरतीत तो झाकला जातो, म्हणून ओहोटीला जाऊन त्याची जागा डोक्यात पक्की करा.
मोरजी: दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख. ओहोटीत नदीचं पाणी समुद्रात खेचलं जातं. तेंबाजवळ, म्हणजे नदीमुखाशी असलेल्या वाळूच्या टोकाजवळ, पाण्यात उतरायचं नाही, लाट कितीही छान दिसो.

पाळोळे अर्धवर्तुळाकार, आडोशाचं. लाट लहान, कयाकला झकास, सर्फिंगला नाही. आगोंदला काठाचा उतार तीव्र आणि ओढ जास्त, नवख्यांना नको. बागा-कळंगुटला पाण्यात स्कूटर आणि होड्या इतक्या फिरतात की फळी घेऊन जाण्यात अर्थ नाही.

तुम्ही आश्वेला राहा.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो. रात्री किनाऱ्यावर बॅटरीचा झोत पाडू नका, वनखात्याने कुंपण घातलेल्या घरट्यांजवळ जाऊ नका.

म्हापशाचा_पायलट
प्रवासाबद्दल. रेल्वेने आलात तर पेडणे जवळ, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. थिवीला जास्त गाड्या थांबतात, वंदे भारतसुद्धा, तिथून आश्वे तासाभराचा रस्ता. पुण्याहून थेट गाड्या मोजक्या आहेत, न मिळाल्यास पनवेल गाठून कोकण रेल्वे पकडा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या त्याच सकाळी भरतात.

विमानाने येणार असाल तर मोपाचंच तिकीट काढा. मोपा पेडणे तालुक्यातच आहे, दाबोळी पार वास्कोला. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' लिहिलेलं असतं, तिथेच लोक चुकतात.

सासूबाई बरोबर आहेत तर आपली गाडी सोयीची. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पेडणे. आंबोलीत संध्याकाळनंतर धुकं उतरतं, म्हणून घाट उजेडात पार करा. किनाऱ्याच्या वाळूवर गाडी घालू नका. बंदी आहे आणि रुततेही.

दुचाकी भाड्याने घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवल्यावर दंड तुम्हालाच आणि अपघातात विमा हात वर करतो.

आणखी एक. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा निघतात, पहाटे जाळतात. बघण्यासारखं असतं, पण त्या रात्री गाडीने कुठे पोचायचा बेत करू नका. तुम्ही पाडव्याला येताय, म्हणजे सुटलात.

नऊफुटी
फळीचं मी सांगतो. विकत अजिबात घेऊ नका. शाळेच्या दीड-दोन तासांच्या वर्गात फळी, दोरी आणि अंगात घालायचा घट्ट सदरा धरलेला असतो. हंगामाप्रमाणे माणशी दीड ते तीन हजार. शिक्षकाचं प्रमाणपत्र विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका शिक्षकामागे किती जण ते विचारा. चारच्या वर असतील तर दुसरीकडे बघा.

मऊ पाठीची फोमची फळी घ्या. मोठ्यांना नऊ फूट, मुलीला सात ते आठ. नवख्याला फळीचं आकारमान लिटरमध्ये निदान वजनाच्या किलोइतकं हवं, त्याहून जास्त असलेलं बरं. ऐटीत सहा फुटी कडक फळी मागणारे चारही दिवस पोटावरच झोपून काढतात.

ताब्यात घेताना दोरीचं वेलक्रो ओढून बघा. खालचे तिन्ही पंख हलतात का ते बघा. फोम सुटून फुगा आला असेल तर फोटो काढून ठेवा, म्हणजे अनामत परत घेताना वाद नको. गाडीच्या टपावर उन्हात तासन्‌तास बांधून ठेवली की फोम सुटतोच.

कुठे चुकतं ते सांगतो.

फळीचं नाक पाण्यात घुसतं: छाती फार पुढे आहे. चार बोटं मागे सरका. झोपल्यावर नाक पाण्यापासून तीन-चार बोटं वर दिसायला हवं.

लाट खालून निघून जाते: फार मागे झोपलात किंवा वल्हवणं लवकर थांबवलंत. लाटेने उचलल्यावर आणखी दोन हात मारायचे, मगच उठायचं.

उठताना पडता: गुडघा टेकवून उठण्याची सवय. एकदा लागली की सुटत नाही. तळहात छातीच्या खालच्या बरगड्यांशी टेकवा, कडा धरू नका, आणि दोन्ही पाय एका झेपेत खाली आणा. हे वाळूवर वीस वेळा करून मगच पाण्यात. नजर पायांकडे गेली की माणूस पायांकडेच पडतो, म्हणून किनाऱ्यावरचं एखादं माडाचं झाड नजरेत धरून ठेवा.

दोरी मागच्या पायाला. आत जाताना फळी अंगाच्या बाजूला धरायची. छाती आणि लाट यांच्यामध्ये आडवी धरली की लाट तीच फळी तोंडावर आणते, दात जातात ते असे. पडायचं ते पसरून, डोक्यावर हात घेऊन. सूर मारायचा नाही.

पहिले दोन दिवस कंबरभर पाण्यात, फुटलेल्या लाटेच्या फेसावरच. न फुटलेल्या लाटेकडे तिसऱ्या दिवशी.

लाल_बावटा
जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. त्याच्या आधी पाण्यात उतरू नका, लाट बघून मोह झाला तरी. लाल-पिवळ्या बावट्यांमधला पट्टा पोहण्यासाठी, फळीवाल्यांनी त्याच्या बाहेर राहायचं. नुसता लाल बावटा असेल तर पाणी बंद.

ओढ ओळखायची कशी: दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गढूळ, फेस समुद्राकडे सरकतोय. नवख्याला तीच जागा 'शांत' वाटते आणि तो तिथेच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका. फळी सोडू नका, तीच तुमची होडी. किनाऱ्याला समांतर वल्हवत लाटा फुटतात तिथपर्यंत या, लाट आत आणेल. दमलात तर हात वर करून पडून राहा.

उथळ पाण्यात पाय घासत चाला, उचलून टाकू नका. वाळूत पाकट बसलेला असतो, घासण्याने तो उठून जातो, वर पाय पडला तर काटा मारतो. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा. जेलीफिशचे धागे चिकटले तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने अलगद काढा, मग गरम पाणी. गोडं पाणी, वाळूने चोळणं हे दोन्ही नको, उरलेल्या नांग्या फुटतात. श्वास लागला किंवा चक्कर आली तर १०८.

रापण ओढत असतील तर जाळ्याच्या दोन्ही दोरांपासून लांब राहा. दोर पाण्याखाली शे-दोनशे मीटर गेलेला असतो, वरून दिसत नाही.

रापणकार
शेवटच्या ओळीबद्दल आभार. किनारा आधी मासेमाऱ्यांचा, हे फळीवाले विसरतात.

पाच_दिवसांची_रजा
सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंसाठी काय? आणि खाण्याचं?

सोलकढी
सासूबाईंना मोरजीचं मोरजाई देवीचं देऊळ, पेडण्याची भगवती, दोन्ही गाडीने आरामात होतात. पंचमीच्या रिकाम्या सकाळी केरीहून फेरीने तेरेखोलला न्या, गाडीही फेरीत चढते. हरमलच्या गोड्या तळ्याची वाट खडकांच्या कडेने जाते, ती टाळा.

खाण्याचं: पाण्यात उतरण्याआधी केळं आणि चहा, बास. पोटभर खाऊन पोटावर झोपणार आहात, विचार करा. बाहेर आल्यावर गावातल्या छोट्या हॉटेलात पातळ भाजी आणि पोयी (गोव्याचा कोंड्याचा पाव), सोबत मिरचीभजी. दुपारी माशाचं ताट, त्यात हुमण (माशाची आमटी) आणि किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) असेल असं ठिकाण शोधा. भाऊबीजेला सासूबाईंचा शाकाहार असेल तर तोणाक (कडधान्याची रस्साभाजी) मिळेल का ते सकाळीच विचारून ठेवा. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्याला आणि बाटल्या फोडण्याला दंड आहे.

पाच_दिवसांची_रजा
शेवटचं. भाऊबीजेला पहिला वर्ग किती वाजता सांगू? आठ?

भरतीचा_तक्ता
साडेआठ सांगा. अर्धा तास वाळूवर सराव, नऊला पाण्यात, साडेदहाला बाहेर. तृतीयेला नऊ. चतुर्थीला सव्वानऊ, पाणी अजून खालीच असेल, म्हणून फेसावरच खेळा आणि पानं हलायला लागली की निघा.

नऊफुटी
आणि झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम नाकाला, कानाच्या पाळ्यांना आणि पोटऱ्यांच्या मागे. पोटऱ्या सगळे विसरतात, आणि परतीच्या दहा तासांच्या गाडीत त्याच सीटला टेकतात.